हिरव्या जाळीमागचे दोन राखाडी : नेरुळमधल्या एका खोलीचं प्रकरण

नेरुळमधली सिडकोची जुनी चार मजली इमारत, तिसरा मजला. दहा बाय अकराची बेडरूम, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. खोली काकूंची. काकू निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या आसपास. घरात मुलगा आणि सून, लेक पुण्याला. भिंतींवर क्रीम डिस्टेंपर होता, बऱ्याच वर्षांचा, जागोजागी पापुद्रे सुटलेला. तो खरवडून फिकट राखाडी इमल्शन मारायचं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. रंग ठरवायला मदत म्हणून मला बोलावलं तेव्हा गाडी दोन शेडवर अडली होती, आणि अडून बरेच दिवस झाले होते.

शेड कार्डावर दोन्हींना लांबलचक इंग्रजी नावं होती, ती घरात कुणालाच आठवत नव्हती. काकूंनी स्वतःच बारसं उरकलं होतं. एक ‘राख’, दुसरा ‘नाचणी’. नावं इतकी चपखल की पुढे दुकानदारही तीच वापरायला लागला. कागदावर पाहिलं तर दोघांत फारसं काही नव्हतं. भिंत किती प्रकाश परत फेकते, याचा एक आकडा असतो. रंगाच्या धंद्यात त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे पांढराशुभ्र. राखेचा ६०, नाचणीचा ५८. म्हणजे खोली अंधारी होईल का, हा प्रश्न निकालातच निघाला होता. वाद होता तो झाकेचा.

आणि खिडकीबाहेर एक तिसराच पक्ष लटकत होता. सोसायटीच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. बाहेर परांची बांधलेली, तिच्यावर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत हिरवी जाळी. कामाचा वेग बघता जाळी पावसाळ्याआधी उतरणार नाही, हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलं होतं. रंगकाम मात्र मे महिन्यातच करायचं होतं, कारण काकू तेव्हा पुण्याला लेकीकडे जाणार आणि खोली रिकामी मिळणार. शिवाय एकदा जून लागला की इथल्या दमट हवेत लांबी (पुट्टी) नीट सुकत नाही, आणि घाई करून वर रंग मारला की पुढच्या वर्षी तोच पापुद्रा पुन्हा हातात येतो. थोडक्यात, जाळी असतानाच जाळीनंतरचा रंग ठरवायचा होता.

डब्यावरचं लेबल

मी आधी गेले ती दुकानात. टिंटिंग मशीनवर शेड बनवली की डब्यावर चिकटवायला एक लेबल निघतं, त्यावर कोणत्या बेसमध्ये कोणता रंगद्रव किती पडला ते छापलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत. दोन जवळच्या शेडमध्ये नक्की फरक काय, याचं सर्वांत सरळ उत्तर तिथेच मिळतं. दोन्ही शेडचे सॅम्पल डबे बनवून घेतले आणि काउंटरवर शेजारी ठेवले. बेस एकच, पांढरा. राखेत दोनच द्रव, काळा आणि पिवळा ऑक्साइड. नाचणीत तेच दोन, पिवळा जरासा कमी, आणि वर थोडा लाल ऑक्साइड.

आता ज्याने कधी चित्रकलेच्या तासाला काळ्यात पिवळा मिसळून पाहिला असेल, त्याला पुढचं सांगायला नको. पिवळ्यात काळा पडला की रंग हिरवटाकडे जातो. राखेच्या लेबलवर हिरव्या द्रवाचा एक थेंबही नव्हता, तरी तिची झाक हिरवट होती ती यामुळे. नाचणीतला लाल ऑक्साइड हा हिरवटपणा मारतो आणि उलट बाजूला, गुलाबी-जांभळटाकडे, थोडा पुढे जातो. ‘हा फक्त राखाडी आहे, त्यात दुसरं काही नाही’ असं कुणी सांगितलं तर मी लेबल मागते. नुसता पांढरा आणि काळा मिसळून केलेला राखाडी घरात निळसर आणि कोरडा दिसतो, म्हणून भिंतींच्या राखाडीत काहीतरी मुरवलेलं असतंच.

दोन शेड एकमेकींशेजारी ठेवण्याचा उपयोग एवढाच, झाक ओळखायला. निवड त्या जोडीकडे बघून करू नये. शेजारी ठेवलं की दोघींतला फरक फुगून दिसतो, हिरवटपणा अधिक हिरवा होतो आणि गुलाबीपणा अधिक गुलाबी. काकूंच्या घरी हीच गडबड चालली होती. भिंतीवर, पलंगाच्या डोक्याशी, दोन चौकोन एकमेकांना चिकटवून मारलेले, आणि तीन आठवडे तिघंही येता-जाता त्या जोडीकडे बघत होते. खोलीला रंग लागल्यावर तर जोडी राहणारच नव्हती, एकच उरणार होता.

त्यात मागची भिंत क्रीम. क्रीमच्या पार्श्वभूमीवर कुठलाही राखाडी आहे त्याहून निळसर वाटतो. हा काही नवा शोध नाही. भिंतीवर लावायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे काळा धागा फिका येतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा त्याला दोष रंगात सापडला नाही, शेजारच्या धाग्यांच्या रंगात सापडला. १८३९ मध्ये त्याने यावर सविस्तर लिहिलं. भिंतीवर थेट नमुने मारणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही, इतकंच.

जाळी

घरातला कौल स्पष्ट होता. मुलगा आणि सून दोघंही नाचणीच्या बाजूने. मुलाचं म्हणणं, “राख भिंतीवर शेवाळ धरल्यासारखी दिसते.” ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे आणि तिथे पूर्वी ओल आलेली होती. नेरुळ-वाशीत ज्याने दोन पावसाळे काढलेत, त्याला भिंतीवरचा हिरवट राखाडी डाग बघून आधी प्लंबर आठवतो. उलट नाचणी त्यांना अगदी शांत, स्वच्छ राखाडी दिसत होती. काकूंना राख आवडत होती, पण त्या दोन विरुद्ध एक अशा पडल्या होत्या.

मी खोलीत गेले, खिडकीसमोर एक पांढरा कागद धरला आणि सूनबाईंना म्हटलं, कागदाचा रंग सांगा. त्या म्हणाल्या, पांढरा. मग तोच कागद घेऊन आम्ही जिन्याच्या लँडिंगवर गेलो, तिथे जाळीचा एक तुकडा फाटलेला होता आणि उघडं आकाश दिसत होतं. तिथून परत खोलीत आल्याबरोबर त्याच म्हणाल्या, “अय्या, हा तर हिरवट आहे.” थोड्या वेळाने तो पुन्हा पांढरा झाला. डोळा सरावतो. पण पूर्ण सरावत नाही, आणि भिंतीवरच्या फिकट राखाडीसारख्या नाजूक प्रकरणात तो जो काही उरतो तेवढाच फरक निर्णय फिरवायला पुरतो.

जाळीतून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी असतो. नाचणीची गुलाबी झाक उठून दिसायला भिंतीवर लाल उजेड पडावा लागतो. तो नसला की झाक बुजते आणि रंग निर्विकार राखाडी दिसतो. राखेचं नेमकं उलटं. तिच्यात हिरवट झाक आधीच आहे, वरून उजेडही हिरवा, मग शेवाळ दिसणारच. म्हणजे घरच्यांना जे दिसत होतं ते खरंच होतं. पण ते जाळी असेपर्यंतचं होतं.

पुण्याच्या लेकीने दरम्यान फोटो मागवले होते आणि तिचा कौल होता, “दोन्ही सेमच आहेत, काहीही लावा.” फोनचा कॅमेरा उजेडाची झाक आपोआप पुसून टाकायला बघतो, त्यामुळे नेमकी ज्यावर चर्चा चालली आहे तीच गोष्ट फोटोतून गायब होते. रंगाबाबत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मताला मी शून्य किंमत देते.

शेजारच्या सोसायटीत

सिडकोच्या वसाहतींना एकसारखेपणाबद्दल लोक नावं ठेवतात. या प्रकरणात तो एकसारखेपणा कामी आला. शेजारची सोसायटी त्याच ओळीत, त्याच टाइपची. तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या भजनी मंडळातल्या एक मैत्रीण राहतात. तीच खोली, तीच उत्तरेची खिडकी, वर तेवढंच पत्र्याचं छज्जं. त्यांची दुरुस्ती आधीच होऊन गेलेली, त्यामुळे जाळी नाही.

दोन मोठे जाड पुठ्ठे घेतले, चार्ट पेपरच्या आकाराचे. आधी प्रायमर, मग रोलरने दोन हात. कडेने चार बोटं पट्टी पांढरी सोडली, म्हणजे मागच्या भिंतीचा रंग मध्ये लुडबुड करणार नाही. रात्रभर सुकू दिले. ओलं इमल्शन फिकट दिसतं आणि सुकल्यावर एक छटा गडद होतं, म्हणून पेंटर रोलर फिरवत असताना ‘वा’ किंवा ‘नको’ म्हणण्यात अर्थ नसतो.

मग काकू, सूनबाई आणि मी पुठ्ठे काखोटीला मारून शेजारच्या सोसायटीत. एका वेळी एकच पुठ्ठा बाहेर, दुसरा कपाटामागे. आधी खिडकीशेजारच्या भिंतीवर, मग खिडकीसमोरच्या, मग कोपऱ्यात. सकाळी साडेदहाच्या उजेडात नाचणी बाहेर काढली आणि सूनबाई गप्पच झाल्या. मैत्रीणबाईच बोलल्या, “हा काय, बाळाच्या खोलीचा रंग आहे का?” गुलाबी म्हणावा असा गुलाबी तो नव्हता, पण राखाडीही राहिला नव्हता. कोपऱ्यात ठेवल्यावर जांभळटाकडे झुकला. नंतर राख काढली. शेवाळाचा मागमूस नाही. किंचित उबदार, धुतलेल्या सुती कापडासारखा राखाडी.

उत्तरेच्या खिडकीबद्दल एक सांगायला हवं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेतले असतात आणि त्यात उत्तरेचा उजेड म्हणजे वर्षभर थंड, निळसर, सूर्याशिवायचा, असं गृहीत धरलेलं असतं. नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत डोकावतं. पुढे पावसाळ्यात तीच खिडकी दिवसभर करडा, सपाट उजेड देते. त्यामुळे ‘उत्तरेला उबदार रंगच लावा’ हा नियम इथे डोळे मिटून लावता येत नाही. नाचणीचं समर्थन मुलगा याच नियमावर करत होता.

पुठ्ठ्यावर जे दिसतं त्याहून चार भिंतींत झाक जास्त चढते, हेही हिशेबात धरावं लागतं. उजेड एका भिंतीवरून उसळून दुसरीवर पडतो, तिच्यावरून पुन्हा पहिलीवर. उदाहरणादाखल धरा, नाचणी १०० पैकी ६३ भाग लाल उजेड परत देते आणि ५७ भाग हिरवा. पहिल्या उसळीला लालाची आघाडी सुमारे दहा टक्क्यांची. दुसऱ्या उसळीला ६३ चे उरतात जवळपास ४० आणि ५७ चे साडेबत्तीस. आघाडी बावीस टक्क्यांवर गेली. दहा बाय अकराच्या खोलीत भिंती एकमेकींच्या इतक्या जवळ की हे सतत चालू असतं. पुठ्ठ्यावर ‘जरासा’ गुलाबी असलेला रंग कोपऱ्यात ‘जरासा’ राहत नाही. तोच न्याय राखेला लावला तर तीही थोडी हिरवटेल, हे मी तिथेच बोलून ठेवलं.

ट्यूबलाइट, फरशी

दिवसा काकू त्या खोलीत फार नसतात. दुपारची झोप, आणि मग संध्याकाळी साडेसातनंतर वाचन, जप, टीव्ही. म्हणजे खोलीचा खरा सूर्य म्हणजे भिंतीवरची वीस वॅटची एलईडी पट्टी, ६५०० केल्विनची, खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेली. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळा. आपल्याकडे निम्म्याअधिक घरांत हीच असते, कारण ती ‘जास्त उजेड देते’ असं सगळ्यांना वाटतं. रात्री जाळीचा काही संबंध नसतो, म्हणून हा प्रयोग काकूंच्याच खोलीत केला.

त्या पट्टीखाली दोन्ही रंग पडले. नाचणी सरळ फिकट जांभळी, राख हॉस्पिटलच्या पॅसेजसारखी गारठलेली. मुलाने हौसेने ३००० केल्विनचा पिवळा बल्ब आणून लावला; त्यात नाचणी पीच झाली आणि राख खाकीकडे गेली. ४००० केल्विनच्या पट्टीत मात्र राख जवळजवळ दिवसासारखी दिसली. नाचणीतला जांभळा कमी झाला, पण गेला नाही. खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेली पट्टी घ्या, असं मी सुचवलं. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचा शंभरपैकी आकडा. साध्या एलईडीचा हा आकडा ८० च्या आसपास असतो आणि लाल रंगाच्या बाबतीत त्या विशेष कच्च्या असतात. थोडी महाग पडते. पण दोन डब्यांवर तीन आठवडे वाद घालणाऱ्या घराने तिथे काटकसर करू नये.

फरशीने मात्र राखेविरुद्ध साक्ष दिली. काकूंकडे दोन बाय दोनच्या आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, दुकानात आयव्हरी, प्रत्यक्षात पीचकडे झुकणाऱ्या. राखेचा पुठ्ठा फरशीला टेकवून उभा केला की फरशी अधिक पीच दिसते आणि भिंत अधिक हिरवट. दोघी एकमेकींना उघड्या पाडतात. नाचणीशेजारी फरशी गुण्यागोविंदाने नांदत होती. इथे सूनबाईंना पुन्हा हुरूप आला, आणि त्यांचा मुद्दा बरोबरच होता. फरशी काही आपण बदलणार नव्हतो.

पण त्या खोलीत फरशी दिसते किती? सहा बाय साडेसहाचा पलंग, कपाट, देवाचं छोटं टेबल, खुर्ची. भिंत आणि फरशी एकमेकींना जिथे उघडपणे भेटतात अशी कड उरते ती दाराजवळची पाच-सहा फुटांची. तिथे चार इंचांची स्कर्टिंग पांढऱ्यात रंगवून दोघींत अंतर पाडता येतं. हॉल असता, फरशी मोकळी असती, तर मी हा आक्षेप इतक्या सहज बाजूला सारला नसता.

डोळा कोणाचा

या सगळ्यात काकू शांत होत्या, आणि एकदा हळूच म्हणाल्या, “अगं, मला तर दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं दिसतंय.”

आम्ही आधी हसलो. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवायला लागतो. इतकं हळूहळू की माणसाला कळत नाही. ऑपरेशनमध्ये ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की त्या डोळ्याला निळा पुन्हा दिसायला लागतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्यावर १९२३ मध्ये ही शस्त्रक्रिया झाली आणि रंग विचित्र दिसत असल्याची तक्रार ते नंतर करत राहिले. काकूंनी तळहाताने एकेक डोळा झाकून पुठ्ठे पाहिले. डाव्या डोळ्याला राख पिवळसर, ‘जुन्या वर्तमानपत्रासारखी’. उजव्याला स्वच्छ राखाडी. नाचणी डाव्याला फिकट तपकिरी, उजव्याला जांभळट. त्यांना राख का आवडत होती आणि बाकीच्यांना का नाही, याचा थोडा उलगडा झाला.

मी म्हटलं, उजव्या डोळ्याचं ऐका. डावाही वर्षभरात त्याच वाटेने जाणार आहे, आणि रंग सात-आठ वर्षं राहणार आहे. खोली त्यांची, झोपणार त्या, तेव्हा मताचं वजनही त्यांचंच जास्त. मुलाने शेवटचा प्रयत्न म्हणून राखेचं अर्ध्या मात्रेचं मिश्रण करून बघायला सांगितलं. दुकानदाराने दिलं करून. हिरवटपणा कमी झाला खरा, पण रंगही गेला. भिंत धुवायला झालेल्या पांढऱ्यासारखी दिसायला लागली. तो पुठ्ठा कुणीच वर उचलला नाही.

निर्णय झाला तो असा : राख, पूर्ण मात्रेची, मॅट फिनिश. जुन्या प्लास्टरवरचे उंचवटे चमकदार फिनिशमध्ये ट्यूबच्या उजेडात मोजता येतात, म्हणून मॅट. छत साधं पांढरं, स्कर्टिंग पांढरी, पट्टी ४००० केल्विनची. रंगाआधी बाथरूमलगतच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग आतून, टाइल्सचे सांधे नव्याने भरून. कारण तिथे पुन्हा ओल आली तर कुठलीही शेड शेवाळच दिसेल. भिंतींचं क्षेत्रफळ दारं-खिडक्या वजा जाता साधारण सव्वातीनशे चौरस फूट, त्याला दोन हातांसाठी चार लिटरचा एक डबा पुरून उरला. डबा एकच असल्याने मशीनच्या दोन खेपांमधल्या फरकाची भीती नव्हती. मोठ्या कामात सगळे डबे आधी एका पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत.

पेंटरभाऊंनी पहिला हात मारला तेव्हा जाळी होतीच, आणि मुलाचा फोन आला, “मॅडम, शेवाळ.” मी त्याला रात्री नवी पट्टी लावून बघायला सांगितलं. त्यानंतर फोन आला नाही.

जाळी उतरली ती गणपतीच्या तोंडावर. मी नंतर जाऊन आले. दिवसा खोली अपेक्षेप्रमाणे आहे, रात्री त्याहून बरी. एक कोपरा, कपाट आणि खिडकीच्या मधला, ढगाळ दुपारी हिरवट दिसतो. दोन भिंती तिथे अगदी जवळ येतात. काकूंनी तिथे पितळी समईची घडवंची सरकवली आहे. उरलेला जवळपास लिटरभर रंग डब्यावरच्या लेबलसकट माळ्यावर आहे, आणि लेबलचा फोटो सूनबाईंच्या फोनमध्ये, कारण डब्यावरची शाई वर्षा-दोन वर्षांत उडते.

नाचणीचा पुठ्ठा वाया गेलेला नाही. मुलाला ती आता हॉलमध्ये हवी आहे. हॉलची खिडकी दक्षिणेला, हिवाळ्यात ऊन थेट आत येतं, फरशी तीच पीच आणि बरीचशी मोकळी. कागदावर तरी तिची बाजू भक्कम दिसते. पण संध्याकाळी तिथेही ६५०० ची पट्टी जळते, आणि ती बदलायला मुलगा तयार नाही, कारण त्याला लॅपटॉपवर ‘पांढरा उजेड’ लागतो. पुठ्ठा सोफ्यामागे उभा करून ठेवायला सांगितला आहे. जाळी आता नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत बघू द्या.